साहेबांच्या सुरीची बारमाही खंडेनवमी

खंडेनवमीला घरातली शस्त्रे धुऊनपुसून देवापुढे मांडावीत, त्यांना हळदकुंकू वाहावे आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेऊ नये, असा आपल्याकडे प्रघात आहे. शेतकरी विळा-कोयता मांडतो, गृहिणी विळी आणि सुरी मांडते. वर्षातून एक दिवस लोखंडालाही विसावा मिळावा, ही त्यामागची भावना मला नेहमीच उदात्त वाटत आली आहे. परंतु लातूरला आमच्या शेजारी जे साहेब राहत असत, त्यांच्या घरची सुरी हे व्रत बाराही महिने पाळीत असे. टोमॅटोवर ती ठेवली की टोमॅटो आधी दबे, मग पसरे आणि अखेर फुटे. कापला मात्र जात नसे.

साहेब एका सरकारी कार्यालयाच्या भांडाराचे निवृत्त अधिकारी. मुखेड, देगलूर, हिमायतनगर अशी ठिकाणे फिरून ते लातूरला स्थिरावले होते. आपल्या संपूर्ण सेवाकाळात खरेदीबाबत एकही लेखा आक्षेप निघाला नाही, ही गोष्ट ते पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत तिची आठवण करून देत. आक्षेप घ्यावा अशी खरेदीच त्यांच्या हातून फारशी झाली नव्हती, हे मला पुढे त्यांच्याच एका जुन्या शिपायाकडून कळले. त्या भांडारात म्हणे खिळे मागायला आलेला माणूस अर्ज लिहून जाई आणि बदली होऊन गेल्यावर त्याच्या नव्या पत्त्यावर खिळ्यांच्या लांबीबद्दल विचारणा येई.

त्यांचे एक ठेवणीतले वाक्य होते : "वस्तू घेणे सोपे असते गुरुजी, ती का घेतली, हे कागदावर सांगणे अवघड असते." या वाक्याच्या बळावर त्यांनी कित्येक पावसाळे छत्रीवाचून काढले. छत्रीचा विचार मृगात सुरू होई, तीन दुकानांची दरपत्रके जमेपर्यंत हस्त संपून जाई आणि 'हंगाम संपल्याने प्रस्ताव पुढील वर्षी सादर करावा' असा शेरा हिरव्या शाईने पडे. निवृत्तीनंतरही ती हिरवी शाई त्यांनी सोडली नव्हती. चिंब भिजून फाटकातून आत येणारे साहेब मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांच्या मुद्रेवर नियम पाळल्याचे तेज असे.

घरातही पत्रव्यवहार चाले. "विषय : चहामधील साखरेबाबत. संदर्भ : आपले आज सकाळचे तोंडी म्हणणे." अशी चिठ्ठी ओट्यावर फुलपात्राखाली ठेवलेली असे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच चिठ्ठीच्या पाठीवर किराण्याची यादी लिहीत आणि पिशवीसह ती त्यांच्या हातात देत. वहिनींचे माहेर जळकोटकडचे. बोलणे मोकळे आणि हात सढळ. अशा बाईच्या वाट्याला असा पुरुष विधात्याने कोणत्या हिशेबाने घातला असेल, याचे मी पुष्कळ चिंतन केले. उत्तर सापडले नाही.

सुरीचा प्रश्न ऐरणीवर आला तो वहिनींच्या गुडघ्यांमुळे. पूर्वी त्या विळीवर बसून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच किलोभर भेंडी चिरून मोकळ्या होत. डॉक्टरांनी खाली बसणे बंद केले, तेव्हा विळी माळ्यावर गेली आणि वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून सुरीने चिरू लागल्या. सुरीला धार नव्हती. धारदार सुरी जिथे ठेवावी तिथेच उतरते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. लाल भोपळ्यावरून ती तशीच घसरली आणि त्यांच्या डाव्या अंगठ्यात शिरली. टाके पडले. अंगठ्याचे वरचे पेर पुढे कधी पुरते वाकले नाही.

"टमाटं कापत नव्हती मेली," पट्टी बांधलेला हात उंच धरून वहिनी म्हणाल्या, "माझा अंगठा बरा कापला तिनं."

त्या संध्याकाळी साहेब गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आले. बायकोच्या हाताबद्दल दोन शब्द बोलतील, या अपेक्षेने मी चटई पुढे सरकवली.

"गुरुजी, आता हा विषय टाळता येणार नाही," ते म्हणाले. "समिती नेमावी लागेल."

घरगुती वापराकरिता सुरीस धार लावण्याची पद्धत निश्चित करणे, हे त्या समितीचे कार्य. साहेब स्वतः अध्यक्ष. दुसरे सदस्य आमच्या गल्लीच्या टोकाचे टेलरमास्तर. तीन पिढ्यांची त्यांची शिलाई, कात्रीला धार लावण्यात हयात गेलेली. तिसरा मी. शाळेत संस्कृत शिकवण्यापलीकडे माझा धारेशी संबंध नव्हता. पण प्राचीनांनी या विषयाचा विचार केलाच असेल, अशी साहेबांची श्रद्धा होती. धार लावण्याच्या दगडाला संस्कृतात 'शाण' म्हणतात, एवढे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि शाणावर पाते किती अंशांत धरावे याबद्दल काही वचन आहे का, असे विचारले. पाहून सांगतो, असे मी म्हणालो. तेही त्यांनी लिहून घेतले.

"आणि वहिनी?" मी विचारले. "वापरणाऱ्या त्याच."

"म्हणूनच नाही. त्या लाभार्थी आहेत. लाभार्थ्याने निर्णयप्रक्रियेत असू नये."

पहिल्या बैठकीत मास्तरांनी सगळा विषय एका दमात संपवला. "साहेब, एक दगड आणा. पाणी मारा. घासा. किस्सा खतम."

"कोणता दगड? किती जाड कणांचा? कोन किती?"

"कोन?" मास्तर हसले. "हाताला विचारा की. हाताला सगळं मालूम असतं."

इतिवृत्तात पुढीलप्रमाणे नोंद झाली : 'सदस्य क्रमांक दोन यांनी कोनाबाबत हातास विचारावे असे सुचविले. हाताचे म्हणणे लेखी घेण्यात यावे.'

त्यानंतर वर्षभरात तेरा बैठका झाल्या. साहेबांचा अभ्यास खोल होता, हे मी मान्य केलेच पाहिजे. खाचेतून सुरी ओढायची ते प्लास्टिकचे यंत्र सोपे, पण पात्याचे लोखंड ओरबाडून काढते. विजेवर फिरणारे यंत्र झटपट काम करते, पण पाते तापवते आणि झिजवते. सुरी चिमट्यात पकडून ठरल्या अंशांत दगड फिरवण्याचा एक सांगाडा मिळतो. तो अचूक, पण जोडायलाच अर्धा तास. शेवटचा साधा दगड, एक बाजू खरखरीत आणि एक मऊ; त्याला फक्त स्थिर हात लागतो. हॉटेलात दिसते ती लोखंडी कांब धार लावतच नाही, वळलेली धार सरळ करते, हेही त्यांच्यामुळे मला कळले. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन पंधरा अंश आणि वीस अंश यांतील भेद ते मला असा समजावून सांगत की, सुरी कापत नाही याचा मला विसर पडे.

बैठकीला पोहे असत. पोह्यांतला कांदा चिरलेला नसे, बुक्कीने फोडलेला असे. आम्ही तो खात असू आणि 'पुढील बैठकीत विचार व्हावा' या वाक्याखाली सही करीत असू. माझी सही तिथे तेरा वेळा आहे. पोहे आणून ठेवणाऱ्या हाताचा अंगठा ताठ आहे, हे मला दिसत नव्हते असे नाही. सही करताना मान खाली असते, हा एक सोयीचा भाग.

येळवस जवळ आली तेव्हा प्रकरण निकरावर आले. येळवस म्हणजे आमच्या भागातली वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडते आणि रान भरते. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा होते, रानाला आंबील शिंपतात आणि आल्यागेल्याला बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे आणि भज्जी वाढतात. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. वांगी, गाजर, मेथी, कांद्याची पात, वालाच्या शेंगा, वाटाणे, तुरीचे दाणे असे रानात जे जे पिकते ते ते बारीक चिरून, बेसन लावून शिजवलेले ते एक दाट कालवण. आदल्या दिवशी चिराचिरी, पहाटे चूल आणि उजाडताना गाडी रानाकडे.

आदल्या वर्षी वहिनींच्या अंगठ्याला टाके होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या जळकोटच्या रानात त्या साली भज्जी झाली नाही.

"माझ्या भावानं परक्याच्या कोपीत बसून भज्जी खाल्ली," त्या मला म्हणाल्या होत्या. "बहिणीचं रान शेजारी असून. म्या ते इसरन का, गुरुजी? या साली चाळीस ताटं सांगून राहिले मी. हात कसाबी असू द्या."

साहेबांनी नेमका हाच आदला दिवस प्रात्यक्षिकासाठी निवडला. चिरायला भाजी भरपूर असल्याने सुरीची कसोटी लागेल, हा त्यांचा विचार वरवर पाहता शहाणपणाचा होता. सकाळी नऊ वाजता मी गेलो तेव्हा पडवीत परतीच्या बोलीवर आणलेल्या चारही पद्धती ओळीने मांडल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारात टोपल्यांतून भाजी मांडली होती. सुरी एकच होती. घरच्या उरलेल्या दोन सुऱ्या 'नमुना' म्हणून लाखेने मोहोरबंद करून कपाटात ठेवल्या होत्या. माझ्या घरची आणि मास्तरांच्या घरची सुरीही महिन्यापूर्वीच तुलनेसाठी ताब्यात घेऊन त्याच कपाटात गेली होती. शेजारणी आपापल्या येळवसेत गुंतलेल्या. माझ्याकडे अभिरक्षकाचे काम आले : दोन चाचण्यांच्या मधल्या काळात सुरी ताम्हणात ठेवून सांभाळायची.

पहिला मान खाचेच्या यंत्राचा. साहेबांनी मोजून दहा वेळा सुरी ओढली. मग एक जुने परिपत्रक हवेत धरून कापले. ते चरचरत का होईना, कापले गेले. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, सुरी घेतली आणि टोपलीतले एक वांगे कापले. वांग्याची दोन शकले बिनतक्रार बाजूला झाली.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. बाळंतिणीच्या खोलीत डोकावणाऱ्या बायका म्हणतात, त्या स्वरात.

"द्या इकडे," साहेब म्हणाले. त्यांनी सुरी घेतली, अंगणात उतरले आणि काळ्या दगडाच्या पायरीवर तिची धार खर्र्‌ खर्र्‌ करीत वीस वेळा घासली. मास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"या अल्ला! साहेब, हे काय करून राहिले तुमी?"

"समान पातळी," साहेब शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या पद्धतीला पहिलीच्या धारेचा फायदा मिळाला, तर तो पक्षपात होईल. प्रत्येक पद्धतीला सारखीच बोथट सुरी मिळाली पाहिजे."

"आन् भाजी?" वहिनींनी विचारले.

"भाजी या चाचणीचा भाग नाही."

दुसरे विजेचे यंत्र. ते गरगरले, ठिणग्या उडाल्या आणि सुरी पुन्हा तरतरीत झाली. साहेब निरीक्षणे लिहीत होते, तेवढ्यात वहिनींनी मेथीच्या दोन जुड्या उरकल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "मधल्या काळात वापर करू नये. धार झिजली तर नोंद चुकते." सुरी ताम्हणात आली. ताम्हणातून साहेबांच्या हाती गेली. साहेबांच्या हातून पायरीवर गेली. खर्र्‌ खर्र्‌, वीस वेळा. तिसरा सांगाडा जोडण्यातच बारा वाजून गेले. त्यानेही धार आली, तीही गेली. देवळातली पाषाणाची पायरी भक्तांच्या पायांनी झिजलेली मी पाहिली आहे. साहेबांची पायरी त्या दिवशी निष्पक्षतेने झिजली.

वहिनी तोवर हाताने मेथी खुडीत होत्या, शेंगा मोडीत होत्या, गाजर दगडावर आपटून पाहत होत्या. एकदा त्यांनी माळ्यावरच्या विळीकडे पाहिले आणि मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. तीन वाजले होते. टोपल्या जवळजवळ भरलेल्याच होत्या.

चौथा साधा दगड. तो मास्तरांकडे दिला होता. त्यांनी तो पाण्यात भिजवला, दगडाखाली ओले फडके घेतले आणि सुरी फिरवू लागले. आवाज हलका आणि एकसारखा, जपाला बसलेल्या माणसाच्या श्वासासारखा. आधी खरखरीत बाजू, मग मऊ बाजू. मध्येच बोटाने धारेच्या मागे उठलेली बारीक कड चाचपायची आणि पाते उलटायचे. कोनमापक शेजारी पडून होता. पाव तासाने त्यांनी सुरी पुसून माझ्या हातात दिली. साहेबांनी धरलेले परिपत्रक या वेळी कापले गेले, तेव्हा आवाजच झाला नाही. खालचा भाग जमिनीवर पडला तेव्हा आम्हाला कळले.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि नोंद करून त्यांनी हात पुढे केला. "द्या गुरुजी. शेवटचे बोथट करणे राहिले."

"शेवटचं कशाला?" मास्तर उसळले. "पाचवी पद्धत कुठाय आता?"

"पद्धतीचा प्रश्न नाही. वस्तू ज्या स्थितीत भांडारातून बाहेर पडली, त्याच स्थितीत परत जमा झाली पाहिजे. निर्णय अजून व्हायचा आहे."

सुरी माझ्या हातात होती. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या रडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या साहेबांशी बोलल्याच नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्या पोथ्या वाचल्या तुमी. ह्याच्यावर एकातबी काही लिवलेलं न्हाई का हो?"

काही लिहिलेले नव्हते. निदान मी वाचलेले नव्हते. वयाच्या सोळाव्या वर्षी गुरूंच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हापासून शास्त्राच्या नावाने मी एक अक्षर पदरचे घातले नव्हते. ज्ञात नाही तिथे 'ज्ञात नाही' म्हणावे, हेच मी मुलांना शिकवले. त्या दुपारी माझ्या हातात सुरी होती, समोर साहेबांचा पसरलेला हात होता, आणि तेरा वेळा केलेली सही मला आठवत होती. मी डोळे मिटले आणि म्हणालो :

"निशितं यद्दिने शस्त्रं तद्दिने नैव कुण्ठयेत् ।
अन्नपूर्णा गृहे तस्य विमुखी जायते ध्रुवम् ॥"

"अर्थ?" साहेबांनी विचारले.

"ज्या दिवशी शस्त्राला धार लावली, त्याच दिवशी ते बोथट करू नये. करील त्याच्या घरात अन्नपूर्णा पाठ फिरवते, हे निश्चित."

साहेबांचा हात अजून पुढेच होता.

"संदर्भ?"

"गृहशस्त्रविधी. अध्याय सातवा, श्लोक एकोणिसावा." तो ग्रंथ अद्याप कोणी लिहिलेला नाही, हे मी सांगितले नाही.

"पुन्हा म्हणा. सावकाश."

मी पुन्हा म्हणालो. देवाच्या कृपेने दोन्ही वेळा शब्द तेच आले. साहेबांनी ते नोंदवहीत उतरवले, खाली हिरवी रेघ ओढली आणि हात मागे घेतला. "लेखी नियम असेल तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. उलट, आपल्याहून वरिष्ठ कार्यालयाचा आदेश आल्याची एक प्रसन्नता होती.

"माशाल्ला, गुरुजी," मास्तर म्हणाले. "वक्तावर आठवलं."

वहिनींनी माझ्या हातून सुरी घेतली. ओट्यावरून येणारा तो टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज दिवेलागणीपर्यंत थांबला नाही. मी घरी येऊन संध्येला बसलो. त्या दिवशी आचमन दोनदा केले.

दुसऱ्या दिवशी रानात चाळीस ताटे उठली. वहिनींच्या भावाने तीनदा भज्जी मागून घेतली. साहेब कोपीच्या तोंडाशी बसून प्रत्येकाला श्लोक ऐकवीत होते, अर्थासह आणि श्लोक क्रमांकासह. "लई जुनं आसंल हे," वहिनींचे भाऊ आंबिलीचा घोट घेत म्हणाले. "शंकाच नाही," साहेब म्हणाले. मी भुरकत राहिलो. भज्जी उत्तम झाली होती.

फेरचाचणी कधीच झाली नाही. धार लावणे आणि घालवणे एका दिवशी होऊ शकत नाही म्हटल्यावर चार पद्धतींना आठ दिवस लागले असते, आणि मधल्या रात्री सुरी धारदार अवस्थेत घरात राहिली असती. तिची जबाबदारी कोणाची, हे ठरेना. 'चाचणी धार्मिक कारणास्तव तहकूब' असा शेरा पडला. तीन पद्धती पुन्हा खोक्यांत गेल्या. दगड वहिनींनी परत केला नाही. त्यांना कोणी विचारलेही नाही. खोक्यांवरच्या यादीत मात्र त्या दगडापुढे 'मार्गस्थ' असे लिहिलेले होते.

श्लोक मात्र मार्गस्थ राहिला नाही, तो पोहोचला. साहेबांनी तो टंकून घेऊन प्लास्टिकमध्ये मढवला आणि वसाहतीच्या फलकावर लावला. संक्रांतीला तिळगुळाबरोबर त्याच्या प्रती वाटल्या. पुढे तो कोणी मोबाइलवर चढवला. एका सकाळी तो माझ्याच मोबाइलवर आला : मागे कमळाचे चित्र, वर 'आपल्या पूर्वजांचे हजारो वर्षांपूर्वीचे ज्ञान, आता विज्ञानालाही मान्य', आणि खाली अकरा जणांना पाठवण्याची आज्ञा. पाठवणारे गृहस्थ माझे विद्यार्थी होते. मी त्यांना संस्कृत शिकवले होते.

एकदा मी निश्चय करून साहेबांकडे गेलो. पाप कबूल केल्याने हलके होते, अशी माझी श्रद्धा आहे. ते आजारी होते, उशीला टेकून बसले होते. मी विषय काढण्याआधीच ते म्हणाले, "गुरुजी, त्या श्लोकाने मला फार शांती दिली. भांडारातून वस्तू बाहेर गेली की मला रात्री झोप नसे. कोणी तरी विचारील, का दिली? कोणाच्या हुकमाने? तीस वर्षे ती भीती पोटात होती. ती सुरी आता घरात रोज चालते, आणि मला भीती वाटत नाही. कोणी विचारले तर दाखवायला श्लोक आहे."

मी त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि परत आलो.

साहेब गेले त्याला आता दोन वर्षे होतील. समितीचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही. गेल्या खंडेनवमीला वहिनींनी मला प्रसादाला बोलावले. देवापुढे सुरी, कात्री, माळ्यावरून काढलेली विळी आणि त्यांच्या मध्यभागी मास्तरांचा तो दगड, हळदकुंकू लावलेला, वापरून मधोमध खोलगट झालेला. हिरव्या रेघांची नोंदवहीही त्यांनी कडेला मांडली होती.

"हे का, वहिनी?" मी विचारले. "हे शस्त्र नव्हे."

"माझ्या घरात त्येनंच लई जणांना कापलं," वहिनी म्हणाल्या आणि वहीवरही एक फूल ठेवले. मग माझ्या हातावर प्रसाद ठेवता ठेवता, आवाज न चढवता म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिवशी श्लोक म्हणताना तुमचे कान लालभडक झाले होते. ह्यांनी वहीत बघितलं म्हणून त्यांना दिसले न्हाईत."

मी प्रसाद कपाळाला लावला.

आता शेवटची गोष्ट सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या नातवाचे लग्न झाले. नातसून हिमायतनगरची, हसतमुख मुलगी. परवा सकाळी मी आमच्या घरच्या सुरीला दगडावर धार लावली. मास्तरांनी शिकवल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. अंगणातल्या फरशीच्या फटीत गवत उगवले होते. हातात सुरी होतीच, म्हणून ते खरवडायला मी वाकलो. तोच नातसून धावत आली.

"आजोबा, आज नका! आज धार लावली ना तुमी? आज बोथी करू न्हाई. शास्त्र हाय ते."

मी तसाच वाकलेला राहिलो. "कोणी सांगितले तुला?"

"कोनी म्हंजे? आमच्या हिमायतनगरला पहिल्यापासून पाळतात की. माझी आजी पाळायची."

"तुझी आजी?"

"हाव. तिच्याबी आजीपासून हाय म्हणं." मग तिला माझे वय आणि माझी विद्या आठवली असावी, ती जरा लाजली. "तुमाला तर ठावंच असंल. श्लोकबी हाय त्याचा. म्हनू?"

सांगायला हवे होते. त्याच क्षणी सांगायला हवे होते. तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"म्हण," मी म्हणालो.

तिने दोन्ही ओळी अगदी शुद्ध म्हटल्या. माझे कान तापले. तिचे डोळे उघडायच्या आत मी सुरी धोतराच्या सोग्याला पुसली आणि घरात नेऊन ठेवली.